गोणपाट

"गोणपाटावरसून चल. खाली पाय टाकू नको."

गावचे पहिले मानकरी, गावकर, मला हे बोलले तेव्हा मी देवळाच्या पायरीवर उभी होते. मी नऊ-दहा वर्षांची असेन. पुढे माझा बा, मागे मी, माझ्या मागे आई. देवळाच्या उंबऱ्यापासून सभामंडपाच्या मधल्या खांबापर्यंत गोणपाटाची एक लांब पट्टी अंथरली होती. भाताची पोती उसवून, एकाला एक जोडून केलेली. मंडपात एका बाजूला खुर्च्या होत्या, खुर्च्यांवर प्रांतसाहेब आणि मालवणहून आलेले दोन-तीन जण. दुसऱ्या बाजूला गावचे मानकरी उभे. सगळे आमच्याकडे बघत होते. माझ्या चेहऱ्याकडे नाही. पायांकडे.

आम्ही महार. गाव मालवण आणि आचऱ्याच्या मधलं, समुद्रापासून जरा आत. नाव सांगत नाही, सांगून काही फरक पडत नाही. त्या गावाचं देऊळ जुनं आहे. लाकडी खांबांवर वेल आणि मोर कोरलेले, वर नळीच्या कौलांचं छप्पर. ते खांब मी तोवर लांबून बघितले होते. शिमग्यात पालखी बाहेर यायची तेव्हा उघड्या दारातून आतलं जेवढं दिसेल तेवढं. त्या दिवशी दिल्लीहून निघालेला, शिवाशिव मोडायचा कायदा आमच्या गावात पोचला होता, आणि कायदा पोचला हे साहेबाला दाखवायचं होतं. दाखवायला माणसं लागतात. ती माणसं आम्ही.

बाने गोणपाटावर पाय ठेवला. मी त्याच्या मागोमाग. गोणपाट माझ्या पायाला खुपत होतं. मी खांबावरच्या मोराकडे बघता बघता जरा बाजूला सरले तशी गावकरांनी घसा खाकरला. मी परत मध्ये आले. मधल्या खांबापाशी आम्हाला थांबवलं. बाने तिथूनच देवीला हात जोडले. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. बाला नारळ दिला. तोही हातात नव्हेच, समोर गोणपाटावर ठेवला आणि घे म्हणून खूण केली. बाने वाकून उचलला. मग आम्ही आलो तसे मागे फिरलो, त्याच पट्टीवरून.

घरी येताना बा असा चालत होता की जणू त्याचं लग्न आहे. वाटेत भेटेल त्याला नारळ दाखवत होता.

"आमका पायघड्यो घातल्यानी," तो म्हणाला. "खुद्द गावकरांनी."

हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या भागात गावऱ्हाटी म्हणून एक चीज आहे. गावातल्या प्रत्येक घराचा देवीपुढे काहीतरी मान ठरलेला. कोणी पालखी उचलायची, कोणी छत्र धरायचं, कोणी पहिला नारळ द्यायचा. आमच्या घराचा मान मशालीचा. पालखी गावाच्या शिवेवर आली की पुढे मशाल आमची. देवळाबाहेर, अर्थात. पण मान तो मान. बाच्या बापाने मशाल धरली, बाने धरली. माझ्या बाला जगात मानापलीकडे काही दिसत नसे. उपाशी राहील, पण मशालीचं तेल कमी पडू देणार नाही. त्यामुळे साहेब आले, देवळात बोलावलं, नारळ दिला, तेव्हा त्याला वाटलं आमच्या घराला नवा मान मिळाला. देवळात शिरायचा मान. तो मान आपला, म्हणजे पुढेही आपलाच. कायदा वगैरे त्याच्या गावीही नव्हतं.

मला त्या वयात काय कळणार? मलाही आनंद झाला. मी मोर बघितला होता जवळून.

पण इरलं राहिलं. आभाळ भरलं होतं म्हणून मी घरून इरलं नेलं होतं आणि देवळाच्या बाहेर वडाच्या पाराला टेकवून ठेवलं होतं. येताना ऊन पडलं, विसरले. आईने निम्म्या वाटेतून मला परत पाठवलं. मी धावत गेले. साहेबांची जीप तोवर निघून गेली होती.

देवळाच्या दारात गुरव होता. म्हातारा, देवीची पूजा करणारा. तो आणि अजून एक गडी. दोघांच्या हातांत लांब काठ्या. काठ्यांच्या टोकांनी त्यांनी ते गोणपाट दोन बाजूंनी उचललं होतं, रस्त्यावर मेलेला साप उचलावा तसं. अंगाला लागू नये म्हणून हात लांब करून चालत ते देवळाच्या मागे व्हाळाकडे, ओढ्याकडे गेले आणि गोणपाट व्हाळात फेकलं. परत आले. गड्याने विहिरीची घागर मंडपात ओतली. गुरवाने गोमूत्र शिंपडलं. मधला खांबसुद्धा धुतला. तो मोर धुतला, ज्याला मी हातही लावला नव्हता.

मी वडाखाली इरलं धरून उभी. गुरवाने मला बघितलं. तो रागावला नाही. त्याचं तोंड वाईट नव्हतं, अजून आठवतं.

"इरल्याक इलंस? घे नि जा," तो म्हणाला. "तुझ्यार राग नाय हां बाय. रीत आसा ती."

त्याने शिवी दिली असती तर मी विसरून गेले असते. शिव्या आम्हाला पाठ होत्या. त्याने बाय म्हटलं आणि हातातली काठी धुवायला घेतली.

घरी आले. बा बाहेर बसून शेजाऱ्यांना पायघड्यांचं सांगत होता, तिसऱ्यांदा की चौथ्यांदा. मी चुलीपाशी जाऊन आईला सगळं सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"माका ठावक आसा," ती म्हणाली.

मी म्हटलं, मग बाला सांग ना.

"तेका सांगू नको. तेका एकदा तरी बरां वाटांदे."

मी नाही सांगितलं. पुढची तीन-चार वर्षं नाही सांगितलं. तो नारळ बाने फोडला नाही. माळ्याच्या वाशाला टांगून ठेवला. घरात येणाऱ्या प्रत्येकाची नजर त्याच्यावर जावी असा. मी रोज तो बघायचे. त्या दिवसापासून मला एक खोड लागली. कुठलंही दार उघडं दिसलं की मी आधी खाली बघायचे. काय अंथरलंय? कशासाठी? आज का उघडं आहे? काल होतं का? कोण बघायला येणार आहे? गोड बोलणारा दिसला की त्याच्या हातात काठी आहे का बघायचे. लोकांना वाटायचं, ही पोर खालमानी आहे, लाजरी आहे, पायरीने वागते. वाटू दे.

शाळेत मी होते, कारण बाला वाटायचं नव्या मानाच्या घरातली पोर शिकलेली बरी. सहावीत असताना गुरुजींनी आम्हाला मालवणचा किल्ला बघायला नेलं. होडीतून समुद्रात. मला होडीच्या अगदी टोकाला बसवलं, बाकीची पोरं मध्ये. पाणी उडून मी भिजले, पण टोकावरून सगळ्यांच्या आधी तट दिसतो. किल्ला सरकारचा. दारात कोणी जात विचारत नव्हतं. गोणपाटही नव्हतं. तरी मी खाली बघतच चालले, दगड न् दगड बघत.

तटावर एका ठिकाणी लहानशा घुमटीत, चुन्यात उमटलेला महाराजांच्या पायाचा ठसा आहे. दुसरीकडे हाताचा. गुरुजींनी सांगितलं, नमस्कार करा. सगळ्यांनी केला, मीही केला, मनापासून केला. मग तो ठसा बघत बसले. एवढ्या वर्षांचा पाय. टाच, बोटं. पाऊस येऊ नये म्हणून वर छप्पर घातलेलं. मी गुरुजींना विचारलं, याच्यावर पाणी मारतात का.

"छे, छे," गुरुजी म्हणाले. "चुना झिजेल. असा पाय जपायचा असतो."

गुरुजींना वाटलं मी साफसफाईचं विचारते आहे. परतताना होडीच्या टोकावर बसून मी माझे पाय बघत होते. काळे, भेगा पडलेले, मिठाने पांढुरके झालेले. माझा पाय पडला तिथे घागर ओततात. मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो राग मी होडीतच गिळला, कारण मध्ये बसलेली पोरं हसली असती.

सातवी झाली. पुढची शाळा मालवणला, रोज जाणं होईना. बा म्हणाला, झालं तेवढं पुष्कळ. मला वाचायची हाव होती. दुकानात गूळ बांधून यायचा त्या कागदावर काय लिहिलंय ते वाचायचे, फाटलेल्या ओळीचं पुढे काय झालं असेल याचा विचार करत बसायचे. आणि त्याच वर्षी आमच्या गावात वाचनालय बांधलं. चिऱ्याची नवी इमारत, वर मंगळुरी कौलं, तांबड्या सिमेंटची गुळगुळीत जमीन. दारावर पाटी: सर्वांसाठी खुले. सरकारचा पैसा, लोकांचं श्रमदान. श्रमदानात चिरे वाहायला आमचा महारवाडा होता. माझ्या डोक्यावरून त्या भिंतीचे चिरे गेलेत. बांधून झाल्यावर जमीन घोटली, मग आम्हाला कोणी बोलावलं नाही. मी पाणी आणायला जाता-येता त्या पाटीकडे बघायचे. पाटी मला वाचता येत होती. पण हत्तीचे दात दाखवायचे वेगळे आणि खायचे वेगळे, एवढं मी नवव्या-दहाव्या वर्षी शिकले होते.

मग एक दिवस गावकरांचा गडी आला. ब्लॉकचे मोठे साहेब वाचनालय बघायला येणार. तुम्ही या. पोरीला घेऊन या, ती वाचते ना.

बाने धोतर धुवायला टाकलं. त्याचा मान आला होता.

"आपलां घर सोडून दुसऱ्याक बोलावणत नाय ते," तो आईला सांगत होता. आई चुलीकडे तोंड करून बसली होती. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं नाही.

आम्ही गेलो. उन्हाळा होता, दुपार टळलेली. वाचनालयाच्या दारात गर्दी. आत टेबलाला टेबल लावून वर्तमानपत्रं मांडलेली, भिंतीला पुस्तकांची कपाटं. काचेतून पुस्तकांच्या पाठी दिसत होत्या, सोनेरी अक्षरांच्या. एवढी पुस्तकं मी एका ठिकाणी कधी बघितली नव्हती. माझं मन कपाटाकडे ओढ घेत होतं आणि डोळे खाली गेले, सवयीने.

उंबऱ्यापासून एका बाकापर्यंत गोणपाट. बाकावरसुद्धा गोणपाट. त्यावर एक वर्तमानपत्र उघडून ठेवलेलं. बाकीची वर्तमानपत्रं टेबलावर होती, आमचं बाकावर. वाचून झालं की तेही व्हाळात जाणार, हे मला कोणी सांगायला नको होतं.

बा पट्टीवर चढला. दोन पावलं गेला. मी उंबऱ्याबाहेर थांबले.

गावकर जवळ आले. हळूच म्हणाले, चल, बस नि पेपर बघ. वाचलं नाहीस तरी चालेल, नुसती बघ.

मी काही शूर नव्हते. मला माहीत होतं बा पुढे उभा आहे, आणि मी आता जे करीन ते त्याच्यावर पडणार आहे. आत गेले तर पुस्तकाच्या कपाटाशेजारी बसेन, बा खुश राहील, आणखी एक नारळ वाशाला टांगला जाईल. आणि मग साहेब येईल तेव्हा तेव्हा मी या गोणपाटावर बसेन, माझ्या मागून माझी पोर. हाच आमचा मान. पालखीपुढे मशाल तशी साहेबापुढे आम्ही.

"आज नाय," मी म्हटलं. "उद्या येतंय."

"काय म्हटलंस?"

"आज नाय. उद्या येतंय."

साहेबांनी बघितलं. मुलगी काय म्हणते, म्हणून विचारलं. गावकर हसून शुद्ध मराठीत म्हणाले, "लाजते, साहेब. खेड्यातली आहे."

लाजते. इतक्या वर्षांची माझी खालची मान त्यांनी त्या एका शब्दात साहेबाला विकली. मी मान वर केली आणि शाळेतल्या भाषेत बोलले, साहेबाला कळावं म्हणून.

"लाजत नाही, साहेब. मला वाचायचंय. उद्या येते. उद्या उघडं असेल ना?"

"असेल ना," साहेब म्हणाले. त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही. "सर्वांसाठी आहे. रोज उघडं असतं. हो ना हो गावकर?"

गावकर हो म्हणाले. सगळ्यांसमोर म्हणाले. मी वळले आणि घरची वाट धरली. बा पट्टीवरच उभा राहिला होता, ना पुढे ना मागे. त्याचा तेव्हाचा चेहरा मला अजून सोसत नाही.

संध्याकाळी तो घरी आला. हातात नारळ नव्हता. मला वाटलं मारेल. तो ओट्यावर बसला आणि म्हणाला, "पाण्यात रवान माशाशी वैर करतंस? काय वायट केल्यानी तेनी तुझां? पायघड्यो घातल्यानी."

मग मी सांगितलं. इरलं, गुरव, काठ्या, व्हाळ, घागर. धुतलेला मोर. सगळं. सांगताना मी त्याच्याकडे बघत नव्हते, आणि मी सांगत असताना तो मला थांबवत नव्हता. झालं तेव्हा त्याने एकच विचारलं.

"तुझ्या आवशीक ठावक होतां?"

आई चुलीपाशी होती. तिने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. तेच उत्तर होतं. गावाने केला नव्हता तेवढा अपमान त्याचा आम्ही दोघींनी गप्प राहून केला, असं काहीसं त्याच्या तोंडावर होतं. मला त्याची दया आली आणि त्याचा रागही आला. आपला बाप असा हातोहात फसावा, आणि फसवणुकीवर असा फुलून यावा, याचा राग.

सकाळी उठले तर वाशाला नारळ नव्हता. आई तो किसत होती. इतक्या वर्षांत सुकून त्याची वाटी झाली होती, तेल सुटलेलं. बाने सांगितलं होतं म्हणे, बांगड्याच्या कढीत घाला नि खाऊन टाका. नारळ आहे, दुसरं काय.

मी निघाले तेव्हा बा दारात होता. मला वाटलं अडवेल. तो नुसता म्हणाला, "पाय धुवन जा."

मी पाय धुतले नाहीत. मुद्दाम. वाटेवरची तांबडी माती तशीच पायांना घेऊन गेले.

वाचनालय उघडं होतं. साहेबासमोर हो म्हटलं होतं, एका रात्रीत कसं बंद करणार? गोणपाट नव्हतं. ते फक्त बोलावलेल्यांसाठी असतं. मी उंबरा ओलांडला आणि त्या गुळगुळीत जमिनीवर पाय टाकला. थंड होती. चार-पाच जण वाचत बसले होते, सगळ्यांनी पेपर खाली केले. टेबलाशी बसलेला कारकून गावचाच, मास्तरांचा मुलगा. तो गोंधळला. त्याने दाराकडे बघितलं, माझ्या मागे कोण येतंय का म्हणून. कोणी नव्हतं.

"आज कोण साहेब येवचो नाय," तो म्हणाला. "तू कित्या इलंस?"

"म्हणानच इलंय."

मी टेबलावरचा पेपर घेतला, बाकावर बसले. वाचणारे एकेक करून उठले आणि बाहेर गेले. कोणी थुंकलं, बाहेर जाऊन. मी वाचत राहिले. पहिल्या पानावर काय होतं ते आता आठवत नाही, खरं सांगायचं तर तेव्हाही कळलं नाही, अक्षरं हलत होती. पण मी शेवटच्या ओळीपर्यंत गेले. मग उठले, पेपर जिथून घेतला तिथे ठेवला. मागे बघितलं तर दारापासून बाकापर्यंत माझी पावलं उमटली होती, तांबड्यावर तांबडी, उन्हात नीट दिसत होती.

मी पायरी उतरेपर्यंत कारकुनाने बादली उचलली होती. मी थांबले. मागे वळून त्याला म्हटलं, "धुवा. उद्या परत येतंय."

आणि गेले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही गेले. कधी दार बंद असायचं, मी पायरीवर बसायचे. कधी उघडं असायचं आणि बादली भरून तयार असायची. पुढच्या शिमग्याला मशाल आमच्या घरून काढून दुसऱ्या घरी दिली. बा शिवेवर गेला नाही. घरात बसून त्याने मला पेपरात काय आलंय ते विचारलं. आमच्या वाड्यातली आणखी दोन पोरं माझ्याबरोबर यायला लागली. किती पाणी ओतलं त्यांनी, त्यांचं त्यांना ठाऊक. विहीर त्यांची, कंबर त्यांची.

त्यानंतर पुष्कळ दारं बघितली मी. देवळं, कचेऱ्या, सभागृहं, मोठमोठी. बोलावणी येतात. या ताई, तुमच्यासाठी खास. मी कोणाच्या खासवर विश्वास ठेवत नाही. दारात उभी राहते आणि आधी खाली बघते. आपल्यासाठी वेगळं काही अंथरलेलं दिसलं, मग ते गोणपाट असो की गालिचा, तर तिथूनच मागे फिरते.

आणि दुसऱ्या दिवशी जाते.